जाड्या अक्षराचे थेर

अहो, कानावर आलं का तुमच्या? त्या गोलमटोल अक्षरानं आता लग्नपत्रिकेतही पाय ठेवला म्हणे. मिसळीच्या दुकानावर जाऊन बसलं, तेव्हा आपण काही बोललो नाही. चहाच्या टपरीचा ‘कॅफे’ झाला, त्याबरोबर हेही आलं, तरी गप्प. मुलांच्या पुस्तकांत तर त्याचं माहेरच, तिथं हरकत घेणारे आपण कोण? पण ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ, जिचा एकेक काना पिढ्यान्‌पिढ्या ताठ उभा राहत आला, ती अशी गाल फुगवून, पोट सोडून ऐसपैस बसलेली बघायची म्हणजे झालं काय! एका घरी अशी पत्रिका आली, तेव्हा आजोबांनी ती डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, “बारसं कुणाचं आहे?”

ज्यांची अजून ओळख झालेली नाही, त्यांच्यासाठी वर्णन देऊन ठेवते. वाटेत दिसलं तर चुकायला नको. उंची बेताची, रुंदी भरपूर. कोपरा म्हणून अंगाला कुठे नाही. दंड जाड, शिरोरेषा जाड, वेलांटी सुद्धा खाऊनपिऊन सुखी. ‘घ’च्या आणि ‘ब’च्या पोटात इतरांकडे जी मोकळी जागा असते, तिथं याच्याकडे जेमतेम एक फट. छपाईच्या धंद्यात अशा मंडळींना ‘डिस्प्ले टाइप’ म्हणतात. मथळे, पाट्या, वेष्टनं, पोस्टर हे त्यांचं क्षेत्र. मजकुराच्या टंकानं स्वतःकडे लक्ष वेधू नये, वाचकाला गुपचूप पुढच्या ओळीवर नेऊन सोडावं, असा संकेत आहे. डिस्प्लेच्या टंकाचा जन्मच लक्ष वेधण्यासाठी. तेव्हा मिरवणं हा याचा दुर्गुण नाही, ही त्याची नोकरी आहे, असं त्याची बाजू घेणारे सांगतात. घेऊ देत बाजू. आपण आधी खानदान काढू.

खानदान निघतं थेट लंडनमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. रॉबर्ट थॉर्न हा टाइप ओतणारा. त्यानं अक्षरांच्या जाड रेघा इतक्या जाड केल्या, की अक्षर पानावर उभं राहिलं की शेजारच्याला जागा उरेना. ‘फॅट फेस’ असं त्या जातीचं नावच पडलं. सभ्य ग्रंथ छापणाऱ्यांनी नाकं मुरडली. लॉटरीवाल्यांनी मात्र गळाभेट घेतली. भिंतीवर लावायच्या जाहिरातीत बक्षिसाचा आकडा रस्त्यापलीकडून दिसला पाहिजे, त्यांना एवढंच हवं होतं. आता खरी गंमत ऐका. १८२० मध्ये थॉर्न वारला आणि त्याची फाउंड्री लिलावात निघाली. ती घेतली विल्यम थॉरोगुड नावाच्या गृहस्थानं. आणि पैसा कुठून आणला? त्याला म्हणे लॉटरी लागली होती! जाड अक्षरांनी लॉटरी खपवली आणि लॉटरीनं जाड अक्षरं विकत घेतली. असली सोयरीक आपल्याकडे झाली असती, तर वाड्यात सहा महिने दुसरा विषय निघाला नसता.

तरीही ते लंडनचं अक्षर जाड असलं तरी गोल नव्हतं. त्याच्या बारीक रेघा अगदी बारीक आणि टोकं धारदार, वागायला आखडूच. ही गुबगुबीत, सगळ्यांशी हसून बोलणारी तऱ्हा आली शिकागोहून. ऑस्वल्ड कूपर (१८७९–१९४०) हा कॅन्ससमध्ये वाढलेला मुलगा चित्रं काढायला शिकावं म्हणून शिकागोच्या फ्रँक होम यांच्या शाळेत आला आणि अक्षरांत रमला. भागीदारीत धंदा काढून जाहिरातींची अक्षरं हातानं काढू लागला. पॅकर्ड मोटारीच्या जाहिरातींसाठी काढलेली त्याची अक्षरं लोकांना इतकी आवडली, की १९१३ मध्ये एका मोठ्या कंपनीनं त्यावरून ‘पॅकर्ड’ नावाचा टाइपच ओतला. मग शिकागोच्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीनं त्याला गाठलं, आणि १९२२ मध्ये बाजारात आला ‘कूपर ब्लॅक’.

हा कूपर ब्लॅक बघून ठेवा, आजच्या साऱ्या उच्छादाचा मूळ पुरुष हाच. रोमन अक्षरांच्या टोकांना जे पाय असतात, ते याच्याकडेही आहेत. पण साबणाची वडी आठवडाभर वापरल्यावर तिच्या कडा जशा होतात, तशा त्यांच्या कडा. ‘ओ’ सरळ बसत नाही, मागे रेलतो. ‘आय’वरचा ठिपकाही लांबट गोल. पायांचे तळवेसुद्धा सपाट नाहीत, त्यामुळे शब्द ओळीवर पाय रोवून उभा राहत नाही. किंचित डुलत असल्यासारखा वाटतो. काळ्या शाईचा एवढा मोठा गठ्ठा, आणि तरी अंगावर धावून येत नाही. हीच तर त्याची लबाडी.

आणि खपला किती! वर्तमानपत्रातली छोटीशी जाहिरात या अक्षरात लावली की पानावर दुप्पट मोठी दिसायची. स्वस्त कागद, वेगात फिरणारं यंत्र, पसरणारी शाई. यात धारदार टोकांच्या अक्षरांची अब्रू जायची. कूपर ब्लॅकला ती भीतीच नव्हती. ज्याचे कोपरे आधीच गेलेत, त्याचं आणखी काय जाणार? छापखान्यातला कारागीर हलक्या हाताचा असो की जड हाताचा, हे अक्षर प्रत्येकाच्या हातून चांगलं उतरायचं. लाजाळू म्हणून प्रसिद्ध असलेल्या कूपरनं स्वतःच त्यावर शेरा मारला होता म्हणे: हा टाइप दूरदृष्टीच्या छापखानेवाल्यांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना लांबचं दिसत नाही. लाजाळू माणसं बोलत नाहीत ते बरंच असतं.

आता घरातलं भांडण. फ्रँक होमच्या त्या शाळेत कूपरला अक्षरं शिकवायला कोण होतं, माहीत आहे? फ्रेडरिक गाउडी. अमेरिकेतला अक्षरांचा मोठा बुवा. जुन्या पोथ्यांची, शिलालेखांची आब राखणारी, घरंदाज वळणाची अक्षरं काढणारा. चेल्याच्या जाड्या पोरानं बाजार जिंकला, तशा इतर कंपन्या अस्वस्थ झाल्या. आम्हालाही एक जाड हवं! लडलो कंपनीनं आपला जाड काढला, लायनोटाइपनं आपला. आणि लॅन्स्टन मोनोटाइपनं हे काम नेऊन दिलं गाउडींच्याच हातात. १९२५ मध्ये ‘गाउडी हेवीफेस’ आला. चेल्यानं गुरूची नक्कल करावी, हे रीतीला धरून आहे. गुरूनं चेल्याच्या वजनाशी बरोबरी करायला बसावं, तेही कंपनीच्या सांगण्यावरून, याला काय म्हणायचं? तुम्हीच सांगा. मी काही बोलणार नाही.

पुढं कूपरचा हा जाड्या काही काळ मागे पडला आणि १९६०च्या दशकात पुन्हा गावभर दिसायला लागला. लेट्रासेटचे घासून उमटवायचे कागद आले होते. खिळे नकोत, छापखाना नको. कागद ठेवा, घासा, अक्षर तयार. १९६६ मध्ये ‘द बीच बॉइज’ या वाद्यवृंदानं ‘पेट साउंड्स’ हा अल्बम काढला. आतली गाणी हुरहुर लावणारी, आणि वेष्टनावर काय? सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बोकडांना खाऊ घालणारे पाच तरुण आणि वर हिरव्या पट्टीत कूपर ब्लॅक. दोन वर्षांनी बीबीसीनं महायुद्धावरची ‘डॅड्स आर्मी’ ही विनोदी मालिका सुरू केली. तिच्या नावालाही हाच. युद्धावर इतकं हसरं अक्षर! पण तिथं नेमकं तेच हवं होतं. म्हाताऱ्या, धांदरट स्वयंसेवकांची पलटण होती ती, टोकदार अक्षरांत तिची गंमत मेली असती. १९७०च्या दशकात तर इस्त्रीनं चिकटवायच्या अक्षरांतून हा टीशर्टवर चढला आणि तरुण पोरांच्या छातीवर बसून फिरू लागला. लाजलज्जा म्हणून काही?

कळस झाला १९९५ मध्ये. ‘इझीजेट’ ही स्वस्त विमानसेवा इंग्लंडात सुरू झाली आणि तिनं आपलं नाव भडक नारिंगी रंगात, कूपर ब्लॅकमध्ये, थेट विमानावर रंगवलं. तोवर विमान कंपन्यांची अक्षरं कशी असायची? सडपातळ, पुढे झुकलेली, वेगाचा आव आणणारी. आकाशात उडणाऱ्या वस्तूवर इतकं जड अक्षर कुणी लावतं का? पण जाणकारांनी नीट पाहिलं तेव्हा त्यांना युक्ती कळली. तिकीट स्वस्त, जेवण नाही, मानपान नाही; आणि हे सगळं ज्या अक्षरात सांगितलं, त्याला पाहून कुणाला राग येईना. जाड्याचा खरा उपयोग इथं उघडा पडला. वाईट बातमीही तो अशी देतो, की ऐकणाऱ्याला वाटतं आपलं काहीतरी फायद्याचंच होतंय.

ही ओढ कुठून येते, याचा शोध घेणारे शास्त्रज्ञही निघाले. वोल्फगांग कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२९ मध्ये दोन आकृत्या पुढे ठेवल्या, एक टोकदार आणि एक गोल. आणि दोन निरर्थक नावं दिली, ‘टाकेटे’ आणि ‘बालुबा’. कुठलं नाव कुणाचं, एवढंच विचारलं. लोक बिनदिक्कत गोल आकृतीला ‘बालुबा’ म्हणत. हे नाव लक्षात ठेवा, त्याचा एक जवळचा नातलग थोड्या वेळात येणार आहे. २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी हाच खेळ ‘बूबा’ आणि ‘किकी’ या नावांनी पुन्हा गाजवला. आणि २००६ मध्ये मोशे बार आणि मैतल नेटा यांनी दाखवलं, की एकाच वस्तूची टोकदार आणि गोलसर अशी दोन रूपं ठेवली, तर माणसांचा कल गोलसर रूपाकडे जातो. टोकात धोका दिसतो, असा त्यांचा कयास. म्हणजे आपण भोळे आहोत आणि जाड्याला ते ठाऊक आहे.

इथवर सगळं सातासमुद्रापार चाललं होतं, म्हणून आपण खिडकीतून बघत होतो. मराठी अक्षरांवर असा प्रसंग येणार नाही, अशी खात्री होती. कारण देवनागरीला जाड करणं म्हणजे चेष्टा नव्हे. रोमन ‘ओ’ला एकच पोट. आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि मधल्या मजल्यावर जोडाक्षरांची दाटी. ‘शुभेच्छा’तला ‘च्छा’ घ्या. ‘राष्ट्रीय’मधला ‘ष्ट्री’ घ्या. एका अक्षराच्या जागेत तीन-तीन माणसं नांदतात. त्यांतल्या प्रत्येकानं वजन वाढवलं तर श्वास घ्यायला पोकळी कुठून आणायची? खिळ्यांच्या काळात देवनागरीचा एक संच म्हणजे शेकडो खिळे. मजकुराचाच पसारा आवरता आवरेना, तिथं प्रत्येक आकारात हौसेचा जाड टाइप कोण ओतणार? म्हणून मराठीत ठसठशीत मथळा हवा असेल, तर तो हातानं काढून घ्यायची रीत. नाटकांच्या जाहिरातींतल्या शीर्षकांना कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी एकेक वेगळा चेहरा दिला. नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरवणं ही त्यांची कला. गावोगावचे पेंटर दुकानाच्या पाटीवर गोल, जाड, सावली दिलेली अक्षरं काढत आणि कोपऱ्यात सही करत. म्हणजे जाडपणा होता, पण त्यासाठी एक माणूस शिडीवर चढावा लागे. त्यामुळे तो ताब्यात होता.

मग गेल्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटानं शिडीची गरजच संपवली. त्यांनी आणलेल्या एका टंकाचं नावच ठेवलं ‘मोदक’. मोदक! म्हणजे काही लपवण्याचा प्रयत्नसुद्धा नाही. देवनागरी अक्षरं सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. देवनागरीत जाडी कुठवर नेता येईल, याचा त्यांनी असा काही अंत पाहिला, की अक्षराच्या आतली पोकळी पार संपली आणि तिच्या जागी नुसत्या बारीक पांढऱ्या फटी उरल्या. त्या फटीच आता काम करतात. ‘म’ कुठे संपला, ‘भ’ची गाठ कुठे सुरू झाली, हे तीच एक पांढरी रेघ सांगते. जरा हलली की अक्षर बदललं. प्रत्येक जोडाक्षराशी स्वतंत्र वाटाघाट केल्याशिवाय असलं काही उभं राहत नाही. बघताना वाटतं, काय हा आचरटपणा! आणि करायला घेतलं, तर कळतं की इथं मिलिमीटरचाही हिशेब चुकून चालत नाही. हे मी कुजबुजत्या आवाजात सांगतेय, कौतुक केल्याचं बाहेर कळू देऊ नका.

मोदक निदान सणासुदीला बोलवायचा पाहुणा. रोजच्या रोज घरात घुसला तो त्याच गटाचा दुसरा टंक, ‘बालू’. ‘जंगल बुक’मधलं अस्वल आठवावं असंच नाव आणि असाच बांधा. तोच हा नातलग, बालुबावाला! अंगानं भरलेला, पण मोदकाएवढा नाही. आतली पोकळी शाबूत, म्हणून लांबूनही वाचता येतो. टोकं गोलसर, चाल मोकळी. आणि एकटा आला का? छे. अख्खं भावकीचं गाठोडं घेऊन आला. गुजरातीसाठी बालू भाई, बंगालीसाठी बालू दा, गुरुमुखीसाठी बालू पाजी, तमिळसाठी बालू तंबी, मल्याळमसाठी बालू चेट्टन, कन्नडसाठी बालू तम्मा, तेलुगूसाठी बालू तम्मुडू, ओडियासाठी बालू भाइना आणि उर्दूसाठी बालू भाईजान. ज्या देशात दोन राज्यांची पाण्यावरून भांडणं मिटत नाहीत, तिथं इतक्या लिप्या एकाच अंगकाठीचे कपडे घालून एका फलकावर शेजारी-शेजारी उभ्या राहतात, याचा निषेध कुणी कसा करत नाही, मला समजत नाही. आधी कसं छान होतं: एकाच जाहिरातीत मराठी ओळ एका तऱ्हेची, इंग्रजी दुसऱ्या, कन्नड तिसऱ्या. प्रत्येकाचं आपलं वेगळं.

आणि हे सगळं फुकट! गूगल फॉन्ट्सवर ठेवून दिलंय, खुल्या परवान्याखाली. घ्या, वापरा, धंद्यासाठीसुद्धा वापरा. साथ पसरायला हेच कारण पुरलं. पूर्वी डीटीपीवाल्याकडे जे चार-दोन टंक असत, त्यांतच गावाची सगळी सुखदुःखं छापली जायची. आता कॉलेजातली पोर मोबाइलवर रील करताना, सोसायटीचे सेक्रेटरी हळदीकुंकवाचं निमंत्रण करताना, शाळेच्या बाई तक्ता करताना यादी उघडतात आणि बोट बरोबर गुबगुबीत नावावर जाऊन थांबतं. फ्लेक्सच्या दुकानातला संवाद मी स्वतः ऐकलाय:

“दादा, अक्षर जरा ते घ्या ना. गोल गोल. गोड दिसणारं.”

“कोणतं? नाव काय?”

“नाव नाही माहीत. ते नाही का, वडापाववाल्याच्या पाटीवर असतं.”

“वडापाववाल्याचं तर सगळीकडंच असतंय, वहिनी.”

“तेच!”

एवढ्यावर दादांनी फाइल उघडली. टंकाचं नाव न कळता त्याची अशी मागणी होणं, हे फार थोड्यांच्या नशिबी असतं. भल्याभल्या घरंदाज टंकांना त्यांचे स्वतःचे छापखानेवालेही ओळखत नव्हते.

तर आता मुद्द्याचं. तक्रार अशी नाही, की हे अक्षर दिसायला वाईट आहे. ते देखणं आहे, म्हणून तर एवढी चर्चा. तक्रार अशी, की त्याला एक गोष्ट मुळातच जमत नाही आणि लोक त्याला नेमकी तीच करायला लावतात. या अक्षराला ‘नाही’ म्हणता येत नाही. या म्हणतं, बसा म्हणतं, घ्या म्हणतं, आणखी घ्या म्हणतं. बर्फगोळा, भेळ, बालवाडी, गणपतीची वर्गणी, उन्हाळी शिबिर, नव्या मराठी विनोदी सिनेमाचं पोस्टर. जिथं जिथं बोलावणं आहे, तिथं याच्यासारखा यजमान नाही. मोठ्यानं बोलतं आणि तरी ओरडल्यासारखं वाटत नाही, ही किमया सडपातळ अक्षरांना जमलेली नाही.

पण नकार द्यायला उभं करा, की फजिती. समजा, सदाशिव पेठेतल्या एका फाटकावरची ती प्रसिद्ध तऱ्हेची पाटी: ‘येथे गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल. नंतर वाद घालू नये.’ हे शब्द काळ्या, किरट्या, ताठ अक्षरांत वाचले, की माणूस गाडी उचलून पुढच्या गल्लीत जातो. तेच शब्द बालूत लावून बघा. वाचणाऱ्याला वाटेल, घरमालक गमतीत म्हणतायत, आत जाऊन चहा पण मिळेल. पुणेरी पाटीचा सगळा कणा शिरोरेषेच्या कडकपणात आहे. तिला गोल केलं तर ती पाटी न राहता आमंत्रण होते. ‘विजेचा धोका’ गोल अक्षरांत लिहिला, तर लहान पोर कौतुकानं हात लावायला जाईल. आणि चौकातल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फलकावर ही अक्षरं बसली, की वर गेलेल्या माणसाकडे पाहून हळहळावं की ‘अभिनंदन’ म्हणावं, हे ठरत नाही. फ्लेक्सवाल्याचा दोष नाही. त्याच्याकडे कालच्या वाढदिवसाची फाइल तयार होती, त्यानं फोटो आणि मजकूर तेवढा बदलला.

दुसरी फजिती वाचनाची. हे डिस्प्लेचं अक्षर आहे, हे विसरून लोक त्यात अख्खे परिच्छेद लावतात. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातलं वैर केवळ एका छोट्या गाठीवर किंवा तुटलेल्या शिरोरेषेवर अवलंबून. अक्षर मोठं असेल तोवर ती गाठ दिसते. दहा पॉइंटात घुसवलं, किंवा हायवेच्या फलकावर तळाला बारीक केलं, की आतल्या फटी बुजल्या. मग ‘घर घ्या’ लिहिणाऱ्या बिल्डरकडे लोक ‘धर ध्या’ असं वाचून बघत राहतात, आणि ‘मामा’ आणि ‘भामा’ यांच्यात कोण दुकान चालवतं, हे आत जाऊनच कळतं. त्यात अक्षरांच्या भोवती जांभळी कड, कडेभोवती पांढरी कड, त्यामागे सावली, असा साज चढवला, की ज्या पोकळीसाठी रचनाकारांनी रक्त आटवलं, ती फ्लेक्सवाला एका क्लिकवर भरून टाकतो. जाड्याला आणखी जाड करू नये, एवढं तरी पाळा. त्याला शेजारी मोकळी जागा द्या, रंग एकच ठेवा, शब्द थोडे ठेवा. दोन शब्दांत तो जे बोलतो, ते वीस शब्दांत त्याला बोलता येत नाही.

सगळ्यात मोठा गवगवा मात्र मला वेगळ्याच ठिकाणचा करायचाय. ज्यांना ‘या’ म्हणायचं नसून ‘द्या’ म्हणायचंय, त्यांनाही या अक्षराचा शोध लागलाय. मोबाइलवर कर्ज विकणारी मंडळी बघा. पूर्वी सावकार कसा सावकारासारखा दिसायचा. त्याच्या वहीतली मोडी पाहूनच घाम फुटायचा. आता पडद्यावर फुगीर, गोजिरवाणं अक्षर डोलत येतं, ‘चला, पाच मिनिटांत पैसे!’ आणि हप्ता चुकला, की त्याच अक्षरात, ‘अरे, काहीतरी विसरलात का?’ एवढ्या प्रेमानं तर माझ्या मावशीनंही कधी उसने पैसे परत मागितले नाहीत. लंडनच्या लॉटरीवाल्यांनी जाड अक्षराला बोटाला धरून बाजारात आणलं होतं. दोनशे वर्षांनी ते मोठं झालं, गोल झालं, गोड झालं. पण धरलेलं बोट काही त्यानं सोडलेलं नाही.

आणि ताजी बातमी तर तुम्हाला ठाऊकच नसेल. बालू बारीक झाला! आधी तो एकाच वजनात यायचा, जाड म्हणजे जाड. मग ‘बालू २’ आला आणि त्यात पाच वजनं निघाली, सर्वांत भारीपासून थेट साध्या, सडपातळ अंगापर्यंत. सगळी भावकी त्याच्याबरोबर व्यायामाला लागली. मी म्हटलं, चला, सुधारला; आता बारीक अक्षरात निमूट मजकुराचं काम करेल. आणि करतोय की! जाहिरातीत वर थोरला, जाड, दोन्ही हात पसरून म्हणतो ‘मोफत!’ आणि तळाशी, भिंग घेतल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, त्याचाच बारीक भाऊ गोड हसत म्हणतो ‘अटी लागू’. घराण्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं ना? त्यांनी त्यासाठी घरातलाच माणूस नेमला.